क्रेडिटवर आलेला पाहुणा

बाय, साइट झाली, चांगली झाली. कलमांचे फोटो झकास आलेत आणि गवतातल्या आंब्यांचा फोटो बघून तर वास आल्यासारखं वाटतं. आता तुझी तक्रार अशी की बघायला कोणी फिरकत नाही, आणि कुणीतरी कानात सांगितलंय की ट्रॅफिक एक्सचेंजमध्ये नाव घाल, दिवसाला शेकड्याने माणसं येतील, तीही फुकट. येतील. त्यात खोटं काही नाही. पण ती माणसं कोण, कशासाठी येतात आणि गेल्यावर तुझ्या पदरात काय उरतं, एवढं आधी मामाकडून ऐकून घे. मोडेम किरकिर करायचा आणि एक फोटो उघडेस्तोवर चहा पिऊन व्हायचा, तेव्हापासून मी लोकांना साइट बांधून देतोय. ही एक्सचेंजं जन्मताना पाहिली, फुगताना पाहिली, आणि त्यांतली काही पोलिसांच्या कागदांवर चढलेलीही पाहिली.

त्यांचं चालतं कसं ते बघ. तू नाव नोंदवायचं, साइटचा पत्ता द्यायचा. मग तुला दुसऱ्यांच्या साइट बघायला बसवतात. पडद्यावर सगळ्यात वर एक पट्टी असते आणि तिच्यात उलटे आकडे पळत असतात: पंधरा, चौदा, तेरा. खालच्या चौकटीत कुणाचं तरी पान उघडलेलं असतं. आकडे शून्यावर आले की पट्टीत चार-पाच बारकी चित्रं येतात, त्यांतली दोन सारखी असतात. बरोबर चित्र दाबलं की यंत्राची खात्री पटते की समोर माणूस आहे. तुझ्या खात्यात क्रेडिट जमा होतं आणि पुढचं पान उघडतं. त्या क्रेडिटच्या बदल्यात तुझं पान दुसऱ्या कुणाच्या तरी चौकटीत जाऊन उघडतं. काही ठिकाणी एकास एक हिशेब असतो, पण पुष्कळ ठिकाणी तू दोन पानं बघावीस तेव्हा तुझं एक दिसतं. मधलं राहिलेलं एक कुठे जातं? ते मालक विकतो. फुकटच्या दुकानात मालकाचा गल्ला कुठे आहे हे आधी शोधायचं, ही सवय लावून घे.

युक्ती तशी जुनी. 1996 मध्ये अमेरिकेत टोनी शे आणि संजय मदन या दोन तरुणांनी लिंकएक्सचेंज काढलं. तिथे अख्ख्या पानांऐवजी बॅनर फिरायचे: दुसऱ्याचे दोन बॅनर आपल्या साइटवर दाखवा, आपला एक दुसरीकडे झळकेल. उरलेली निम्मी जागा त्यांनी जाहिरातदारांना विकली आणि 1998 मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी 26.5 कोटी डॉलरला घेतली. त्यातून लहान साइटवाल्यांना थोडी ओळख मिळाली, ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र तिथे बॅनर बघणारा माणूस आपल्या मर्जीने, आपल्या आवडीच्या पानावर आलेला असायचा. त्याला बॅनर बघण्याचं कुणी काही देत नव्हतं. आजच्या एक्सचेंजमधल्या माणसाला देतात, आणि सगळी गोम तिथे आहे.

आता हिशेब मांड. तुझ्या पानाला हजार भेटी हव्यात. दोनास एक या दराने तुला दोन हजार पानं बघावी लागतील. पानाला 15 सेकंद धरले तर 30,000 सेकंद झाले, म्हणजे 8 तास 20 मिनिटं. चित्र शोधणं, अडकलेलं पान पुन्हा उघडणं, मध्येच आई हाक मारते ते, यातलं काही मी धरलेलं नाही. आंबा उतरवायचे दिवस असताना घरातलं एक माणूस दिवसभर लष्कराच्या भाकऱ्या भाजत बसवायचं, याला फुकट म्हणत नाहीत. तेवढ्या वेळात मागच्या हंगामाची वही उघडून प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या नावाने निरोप गेला असता. वेळ नसेल तर क्रेडिट विकतही मिळतं, हजार भेटी अगदी किरकोळ पैशात. स्वस्त का, ते आता सांगतो.

एका ओळखीच्या पोराच्या मागे उभा राहून मी हा सगळा प्रकार नीट बघितलाय. त्याने चार एक्सचेंज चार टॅबमध्ये उघडी ठेवली होती. एकीकडचे आकडे संपले की चित्र दाबायचं, दुसऱ्या टॅबवर जायचं, तिथलं दाबायचं, तिसऱ्यावर. त्याची नजर वरच्या पट्टीवरून खाली उतरतच नव्हती. खाली कुणाचं दुकान होतं, कुणाची औषधं होती, कुणी जीव ओतून बांधलेली साइट होती. त्याने एकाही पानावर माउसचं चाक फिरवलं नाही. मी विचारलं, आत्ता गेलं ते पान कशाचं होतं रे? त्याला सांगता येईना, आणि न सांगता आल्याचं त्याला काही वाटलंही नाही. वाटायचं कारणच नव्हतं, तो क्रेडिट मिळवत होता. सभेला ट्रक भरून आणलेली गर्दी जशी भाषणाकडे कमी आणि जेवणाच्या पाकिटाकडे जास्त बघते, तसा हा पाहुणा. त्याला दोष देऊ नको. उद्या तू बसलीस तर तूही तेच करशील.

तरीही फायदा अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. ज्याचा माल त्या गर्दीला लागतो त्याला तिथे गिऱ्हाईक मिळतं. गर्दी कोणाची? साइटवाल्यांची. त्यांना होस्टिंग लागतं, वर्डप्रेसची थीम लागते, एकदम हजारांना ईमेल पाठवायची सोय लागते. हे विकणारे लोक वर्षानुवर्षं एक्सचेंजवर तळ ठोकून आहेत आणि त्यांचं भागतं. पण तेही आपली अख्खी साइट तिथे लावत नाहीत. ते स्प्लॅश पेज करतात: ठळक अक्षरात एक ओळ, एक चित्र, ईमेल लिहायला एक रकाना आणि एक बटण. पाच सेकंदांत नजरेत भरेल तेवढंच. तुझ्या पहिल्या पानावर आजोबांनी लावलेल्या कलमांची गोष्ट आहे, ती मला आवडते. पण पंधरा सेकंदांचा पाहुणा ती वाचणार नाही. शिवाय हा पाहुणा बहुतेक परदेशातला असतो. त्याला देवगड कुठे आहे ते माहीत नाही आणि त्याच्या गावी तू पेटी पाठवू शकत नाहीस.

दुसरा फायदा मला मनापासून पटतो, पण तो कुणी सांगत नाही. एखादा तास तू स्वतः तिथे बसून नुसतं बघ, आपलं पान मात्र लावू नको. एकामागून एक पानं डोळ्यांपुढून गेली की आपोआप कळतं, कुठलं पान तीन सेकंदांत सांगतं की इथे काय मिळतं, आणि कुठलं नुसतं ‘आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत’ करत बसतं. त्यानंतर आपलं पान उघड. सगळ्यात वर काय आहे? नारळाच्या झाडामागचा सूर्यास्त. दर कुठे आहे? चार बोटं वर सरकवल्यावर. एवढी गोष्ट कळली तरी तो तास कामी आला. हे बघायला बसशील तेव्हा वेगळ्या ब्राउझरमध्ये बस, ज्यात तुझे पासवर्ड साठवलेले नाहीत आणि बँक कधी उघडलेली नाही. ज्या फोनवर यूपीआय आहे त्यावर तर नकोच. याचं कारण पुढे येतंय.

तिसरा फायदा चाचणीचा. पन्नास-शंभर भेटी सोडून बघायचं, साइट तग धरते का, कुठल्या ब्राउझरमध्ये मोडते का. पूर्वी मी हे केलंय. आता गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स फुकट आहे, पत्ता टाकला की कुठला फोटो किती जड आहे ते लगेच सांगतं. मग एक्सचेंजच्या दारात कशाला उभं राहायचं? तुझ्या फोनने काढलेला फोटो पाच एमबीचा आहे आणि तो तू तसाच चढवला आहेस. असं पान हजार वेळा उघडलं की पाच जीबी गेले. स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर एका खात्याला मर्यादा असतात. झुंड एकदम आली की पानाऐवजी 508 क्रमांकाची चूक दिसायला लागते. नेमक्या त्याच वेळी दादरहून कुणी खरंच दोन पेट्या घ्यायला आलं असेल, तर ते ही चूक बघून परत जाणार.

आता तोट्यांकडे येऊ, आणि सगळ्यात मोठा तोटा पैशाचा नाही. तो असा की तुझी मोजपट्टी बिघडते. आज तुझ्याकडे दिवसाला बारा माणसं येतात. त्या बारांपैकी कोण कुठून आलं, कुठलं पान वाचलं, कुठे थांबलं, कुठून परत गेलं, हे तुला ॲनालिटिक्समध्ये स्वच्छ दिसतंय. हे बाराजण तुझं भांडवल आहे. त्यांच्यात तीनशे चित्रं दाबणारे मिसळले की तू आंधळी झालीस. आणि इथे एक मेख आहे, ती लक्षात ठेव. गूगल ॲनालिटिक्सच्या हल्लीच्या आवृत्तीत 10 सेकंदांहून जास्त थांबलेली भेट ‘गुंतलेली’ धरली जाते. एक्सचेंजचा टायमर असतो पंधरा-वीस सेकंदांचा. म्हणजे ज्याने तुझ्या पानाकडे ढुंकून पाहिलं नाही, तोही मन लावून वाचणारा म्हणून मोजला जाऊ शकतो. तू आकडे बघून खूश होशील, पान बरोबर आहे असं समजशील, आणि फोन का वाजत नाही याचं कोडं घालून घेशील. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ते असं.

बनावट भेटी ओळखायच्या असतील तर दोन खुणा पुरेत. एक म्हणजे थांबण्याचा वेळ: खऱ्या माणसांचा वेळ वेडावाकडा असतो, कुणी चार सेकंद, कुणी सहा मिनिटं, एक्सचेंजचे सगळे एका मापाचे. दुसरी खूण स्क्रोलची. ॲनालिटिक्स पान नव्वद टक्के खाली सरकलं की नोंद करतं, आणि इथे ती नोंद जवळपास कोरी असते. जोडीला देशांची यादी बघ. ज्या देशांतून कधी एक निरोप आला नाही तेच देश वर चढलेले दिसतील.

याच्या पुढचं नुकसान फेसबुकवाल्यांचं. तू साइटवर मेटाचा पिक्सेल बसवला आहेस ना, की जे येऊन गेले त्यांनाच पुन्हा जाहिरात दाखवायची? त्या यादीत हे चित्रं दाबणारेही शिरू शकतात. मग मे महिन्यात तू खिशातले पैसे खर्चून ज्यांना आंबा दाखवत बसशील, त्यांचा आंब्याशी संबंध नसेल. फुकटच्या भेटीचं बिल असं उशिराने आणि दुसऱ्याच खिडकीवर येतं.

काहीजण सांगतील की भेटी वाढल्या की गूगलमध्ये साइट वर येते. नाही येत. गूगलने पुष्कळदा स्पष्ट सांगितलंय की ॲनालिटिक्सचे आकडे क्रमवारीसाठी वापरले जात नाहीत. सर्च कन्सोलमध्ये तर एक्सचेंजची एकही भेट दिसणार नाही, कारण तिथे फक्त गूगलवर शोधून आलेली माणसं मोजतात. म्हणूनच मी म्हणतो, रोज एकच आकडा बघायचा असेल तर तो कन्सोलचा बघ. एके काळी अलेक्साचा क्रमांक म्हणून एक प्रकार होता. ज्यांच्या ब्राउझरमध्ये अलेक्साची पट्टी असायची त्यांच्या हालचालींवरून साइटला नंबर मिळायचा. एक्सचेंजवर बसणारे बरेचजण ती पट्टी मुद्दाम लावायचे, त्यामुळे तिथे पान फिरवलं की नंबर सुधारायचा आणि तो नंबर दाखवून जाहिराती मिळवता यायच्या. अलेक्साने 1 मे 2022 ला ते दुकान बंद केलं. त्या काळचा सल्ला आजही लोक जसाच्या तसा देत फिरतात.

जाहिरातीवरून आठवलं. साइटवर ॲडसेन्स लावायचा विचार असेल तर एक्सचेंजकडे बघूही नको. गूगलच्या अटींमध्ये साफ लिहिलंय की पैसे देऊन क्लिक करून घेणाऱ्या, आपोआप साइट उघडणाऱ्या किंवा क्लिकची देवाणघेवाण करणाऱ्या सेवा वापरायच्या नाहीत. माझं एक गिऱ्हाईक होतं, क्लासवाले. त्यांनी मला न विचारता अशा एका सेवेतून भेटी आणवल्या. खात्यातली रक्कम शंभर डॉलरच्या जवळ पोचली, म्हणजे पहिला हप्ता हातात पडायची वेळ, आणि पत्र आलं: अवैध ट्रॅफिक, खातं बंद. असे पैसे गूगल जाहिरातदारांना परत करतं. मास्तरांनी अपील केलं, ते फेटाळलं गेलं. नंतर त्यांनी खरोखर चांगले धडे साइटवर घातले, खरे विद्यार्थी यायला लागले, पण ते खातं काही परत मिळालं नाही. आणि खरं सांगू का, आंबे विकणाऱ्याने आपल्या पानावर दुसऱ्याची जाहिरात लावायचीच कशाला? गिऱ्हाईक दारापर्यंत आणायचं आणि तिथून दुसऱ्याच्या दुकानाची वाट दाखवायची, हा उद्योग मला कधी कळला नाही.

आतापर्यंत सांगितलं ते हाताने बघायच्या एक्सचेंजचं. आपोआप चालणारी, ज्यांना ऑटोसर्फ म्हणतात, ती याच्याही पलीकडची. त्यात माणूस नसतोच. तू त्यांचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर बसवायचं, ते रात्रभर कुणाकुणाची पानं उघडत राहतं आणि सकाळी क्रेडिट जमलेलं असतं. तुझं पानही असंच कुणाच्या तरी रिकाम्या खोलीतल्या लॅपटॉपवर उघडून मिटतं. आंबा यंत्र खात नाही, तेव्हा फायद्याचा प्रश्न मिटला. धोक्याचा मिटत नाही. तुझ्या इंटरनेटवरून, तुझ्या नावच्या जोडणीवरून काय उघडलं जातंय हे तुला दिसत नाही. कुणाच्या जाहिरातींवर खोट्या नजरा पाडायला तुझं यंत्र वापरलं जात असेल, किंवा उघडणाऱ्या पानातून काहीतरी आत शिरत असेल. 2016 मध्ये काही संशोधकांनी एक्सचेंजवर फिरणारे पत्ते तपासले, तर चारांत एकाहून जास्त पत्ता घातक निघाला. मघाशी वेगळा ब्राउझर घे म्हणालो ते यासाठी. आणि त्यांचं सॉफ्टवेअर? ते घरातल्या कुठल्याच यंत्रावर नको, भावाच्या जुन्या लॅपटॉपवरही नको.

आता जे सांगणार आहे ते तुझ्यापेक्षा तुझ्या आजूबाजूच्यांसाठी जास्त. एक्सचेंज जोवर क्रेडिट देतं तोवर फार तर वेळ जातो. ते पैसे द्यायला लागलं की उठायचं. ‘पानं बघा आणि कमवा’ म्हटलं की समजायचं, हा भेटींचा बाजार राहिला नाही. अमेरिकेत ट्वेल्व्हडेलीप्रो नावाचं असंच प्रकरण होतं: पैसे भरा, रोज 12 पानं बघा, 12 दिवस रोज 12 टक्के घ्या. तिथल्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने 2006 च्या फेब्रुवारीत त्याला कोर्टात खेचलं, तेव्हा तीन लाखांहून अधिक लोकांचे पाच कोटी डॉलरहून जास्त पैसे त्यात अडकले होते. जाहिरातीचं उत्पन्न नावापुरतं. नव्याच्या पैशातून जुन्याला द्यायचं एवढाच धंदा. आपल्याकडे नोएडाचं सोशल ट्रेड तुला आठवत असेल, 2017 च्या फेब्रुवारीतलं. 5,750 पासून 57,500 रुपयांपर्यंत भरायचे, घरी बसून लिंका दाबायच्या, दर लिंकेमागे पाच रुपये. उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष पथकाने ते पकडलं तेव्हा 3,700 कोटी रुपये आणि साडेसहा लाखांच्या आसपास माणसं असा आकडा पुढे आला. तिथेही सांगितलं जायचं तेच होतं, की तुमच्या क्लिकने कुणाच्या तरी साइटची जाहिरात होते.

यात आपल्या लोकांना एक गोष्ट ठाऊक नसते. 1978 चा प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स बंदी कायदा योजना काढणाऱ्यापुरता नाही. अशा योजनेत माणसं जोडणं, नव्हे त्यात नुसता भाग घेणंही त्याच्या कचाट्यात येतं. मेव्हण्याला, शेजारणीला, शाळेतल्या बाईंना आपल्या खाली घातलं की तू फसलेली राहत नाहीस, फसवणाऱ्यांच्या रांगेत जातेस. साध्या, पैसे न देणाऱ्या एक्सचेंजमध्येही ‘तुमच्या दुव्यावरून दहाजण आणा, त्यांच्या क्रेडिटमधला वाटा तुम्हाला’ ही शिडी असते. तिथे कायद्याचा प्रश्न नाही, पण गावातल्या माणसांचा वेळ खर्ची घालून आपला आकडा फुगवायचा हे मला तरी बरं दिसत नाही.

मग माणसं आणायची कुठून? देवाणघेवाणच करायची तर जवळच्यांशी कर. कुणकेश्वरला ज्यांच्या राहायच्या खोल्या आहेत त्यांच्या साइटवर तुझ्या बागेचा दुवा असू दे, तुझ्या साइटवर त्यांच्या खोल्यांचा. विजयदुर्ग बघायला आलेला माणूस जाताना पेटी विचारतोच. असे दोन-चार दुवे, एकमेकांना खरोखर लागणारे, एवढंच. पन्नास अनोळखी साइटशी ‘तू माझा लाव, मी तुझा लावतो’ सुरू केलंस तर गूगल त्याला दुव्यांची हेराफेरी समजतं.

गूगल बिझनेस प्रोफाइलवर बागेचं नाव, नकाशा, फोन आणि यंदाचे फोटो घाल. व्हॉट्सॲपचं बटण पानाच्या तळाशी लपवू नको, अंगठा पोचेल तिथे ठेव. आणि लिहायचं ते लोक फोनवर विचारतात त्याबद्दल लिही. पेटीत नग किती बसतात, किती ग्रॅमचा? अढीतला आंबा खायला कधी होतो? कापल्यावर साका निघाला तर बदलून देता का? या शेवटच्या प्रश्नाला बागायतदार कायम बगल देतात, म्हणून ज्याच्या पानावर सरळ उत्तर असतं तो लक्षात राहतो. देवगड म्हणून भलताच आंबा गळ्यात पडेल ही भीती तर मुंबई-पुण्याच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला असते. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपला सिंधुदुर्ग आहे. तुमच्या बागेची त्यात नोंद झाली असेल तर ते प्रमाणपत्र सूर्यास्ताच्या जागी लाव. झाली नसेल तर वडिलांच्या मागे लाग. एक्सचेंजमधल्या हजार भेटींपेक्षा तो एक कागद जास्त गिऱ्हाईक देईल.

इतकं ऐकूनही तुला करूनच बघायचं असेल तर बघ, मी रागावणार नाही. फक्त पहिलं पान त्यात घालू नको, वेगळं एक पान कर आणि त्यात ना ॲनालिटिक्स ठेव, ना पिक्सेल. भेटी मोजायच्याच असतील तर होस्टिंगच्या नोंदीत दिसतात, तिथे मोज. पत्त्याला यूटीएमचं शेपूट लाव म्हणजे कुठून आलं ते कळेल. नाव नोंदवायला वेगळा ईमेल घे, कारण पहिल्या आठवड्यातच तो जाहिरातींनी भरून जाईल, आणि कार्डाचा नंबर कुठेही देऊ नको. आठवड्याने बघायचं ते एवढंच, की त्या पानावरून व्हॉट्सॲपवर एक तरी निरोप आला का. नाही आला तर खातं बंद कर. साठलेल्या क्रेडिटचा मोह धरू नको, त्याला बाजारात किंमत नाही.

आणि आणखी एक, याचा एक्सचेंजशी संबंध नाही पण राहून जाईल म्हणून सांगतो. तुझ्या पानावर अजून मागच्या वर्षीचा दर आहे. तो आजच काढ, आणि यंदाचा ठरला नसेल तर ‘दर फोनवर विचारा’ असं तरी लिही. जुना दर बघून आलेलं गिऱ्हाईक नवा ऐकला की फोन ठेवतं आणि परत करत नाही.